घरी बांधलेला एफईटी कॉम्प्रेसर आणि त्याचंच प्लगइन: आठव्या महिन्याची नोंद

सोल्डरिंग संपून आठ महिने झाले. ११७६ या कॉम्प्रेसरच्या (आवाजातले चढउतार आवरणाऱ्या यंत्राच्या) आराखड्यावर बांधलेलं युनिट ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत आता नियमित चालतंय, आणि ज्या प्रश्नासाठी ते बांधलं त्याचं उत्तर देण्याइतकं काम त्याच्यावर झालं आहे. याच कॉम्प्रेसरचं प्लगइन, म्हणजे संगणकात चालणारी त्याची नक्कल, माझ्याकडे आधीपासून होतं. मग सुटे भाग, ट्रान्सफॉर्मर आणि चॅसिस मिळून ३१ हजार रुपये आणि चार महिन्यांचे शनिवार-रविवार घालून हाती काय आलं?

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. मूळ ११७६ हे बिल पुटनम यांनी १९६७ च्या सुमारास आणलेलं यंत्र. तोवरच्या कॉम्प्रेसरमध्ये बहुतेक व्हॉल्व्ह असत. पुटनम यांनी एफईटी हा ट्रान्झिस्टर वापरला, म्हणजे व्होल्टेजने बदलणारा रोध. आवाज वाढला की तो एफईटी सिग्नलचा काही भाग जमिनीकडे (ग्राउंडला) वळवतो. अ‍ॅटॅक (आवाज दाबायला लागणारा वेळ) २० ते ८०० मायक्रोसेकंद, रिलीज (दाब सोडायला लागणारा वेळ) ५० मिलिसेकंद ते १.१ सेकंद, आणि दोन्ही नॉब उलटे: आकडा जितका मोठा तितका वेग जास्त. पहिल्या महिन्यात माझा हात रोज चुकीच्या बाजूला जात होता.

आता मागच्या नोंदीत अर्धवट राहिलेल्या हमबद्दल, म्हणजे विजेमुळे आवाजात शिरणाऱ्या घुमण्याबद्दल. यावर मी तीन आठवडे घालवले आणि त्यातलं जवळजवळ सगळं शिकण्यासारखं होतं, म्हणून सविस्तर लिहिते.

युनिट जोडलं की शांततेतही खाली घूं असा आवाज. नुसत्या कानाने त्याचं मूळ सापडत नाही. स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या हर्ट्झला किती आवाज आहे त्याचा आलेख, बघावा लागतो. आपली वीज ५० हर्ट्झची. स्पेक्ट्रमवर ५० आणि १५० ला टोकं दिसली तर संशय ग्राउंड लूपवर (ग्राउंडच्या तारांचं नकळत बनलेलं कडं) किंवा पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रावर घ्यायचा. १००, २००, ३०० ला दिसली तर रेक्टिफायरकडे (एसीचं डीसी करणारा भाग) बघायचं, कारण फुल-वेव्ह रेक्टिफायरमधून बाहेर पडणारा रिपल, म्हणजे डीसीवर उरलेली लहर, १०० हर्ट्झचा असतो. माझ्याकडे दोन्ही कुळं नांदत होती.

१५० चं टोक टोरॉइडमुळे, म्हणजे कड्याच्या आकाराच्या पॉवर ट्रान्सफॉर्मरमुळे होतं. वागळे इस्टेटमधल्या एका कारागिराकडून तो गुंडाळून घेतला होता, काम चोख होतं, पण मी तो इनपुट ट्रान्सफॉर्मरच्या फार जवळ बसवला होता. मधला बोल्ट सैल करून टोरॉइड हळूहळू फिरवला आणि मीटरवर नजर ठेवली. एका कोनावर १५० चं टोक एकदम १४ डेसिबलने खाली गेलं. तिथेच खूण करून बोल्ट आवळला. (बोल्ट सैल करताना प्लग काढायचा. प्रत्येक वेळी.)

१०० आणि २०० चं दुखणं वायरिंगमधलं होतं. रेक्टिफायरनंतरच्या मोठ्या कपॅसिटरची ग्राउंड आणि इनपुटची ग्राउंड मी एकाच तारेवरून नेली होती. कपॅसिटर भरताना जो करंटचा झटका बसतो, तो त्या सामाईक तारेच्या छोट्याशा रोधावर व्होल्टेज तयार करतो आणि ते थेट सिग्नलमध्ये मिसळतं. दोन्ही तारा वेगळ्या करून एकाच बिंदूवर आणल्या. एक्सएलआरची (माइकच्या तारेच्या तीन पिनांच्या जोडाची) पिन १ सर्किटला न जोडता सरळ चॅसिसला दिली. खोली शांत झाली.

हमच्या मागे एवढं लागायचं कारण मावशी. ती माझ्याकडे अभंग आणि भावगीतं रेकॉर्ड करते आणि तिची पट्टी काळी चार. काळी चारचा मधला षड्ज २०७.६५ हर्ट्झ. शेजारी २०० हर्ट्झचं टोक असलं की दोन्ही मिळून सेकंदाला सात-आठ ठोके पडतात आणि तानपुरा उतरल्यासारखा वाटतो. मावशीने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "अगं, तानपुरा नीट लावलायस ना?" अ‍ॅपमधला तानपुरा अगदी अचूक लागलेला होता. तिच्या कानाला विजेच्या तारेतला स्वर ऐकू येत होता.

इथून पुढे तुलना.

पहिली ऐकणी मी चुकीची केली. मावशीचाच एक कोरडा (काहीही न लावलेला) टेक युनिटमधून आणि प्लगइनमधून काढला आणि दादाला सांगितलं, माझ्या पाठीमागे बसून कुठलाही लाव. वीसपैकी अठरा वेळा मी युनिट ओळखलं आणि संध्याकाळभर आनंदात होते. दुसऱ्या दिवशी मोजलं तेव्हा युनिटची फाइल ०.८ डेसिबलने मोठी निघाली. एवढा फरक कानाला "मोठा" म्हणून जाणवत नाही. भरदार, जवळचा, गोड असाच जाणवतो. पातळी बरोबर जुळवून पुन्हा बसले. वीसपैकी बारा. नुसतं नाणं उडवलं तरी चार खेपांत एकदा बारा किंवा जास्त येतात, म्हणजे माझ्या बाराला काही अर्थ नाही. वीसमध्ये किमान पंधरा बरोबर आले तरच मी "फरक ऐकू येतो" म्हणते, कारण तेवढे नशिबाने येण्याची शक्यता साधारण पन्नासात एक.

नल टेस्टही केली: एका फाइलची पोलॅरिटी उलटी करून दुसरीत मिसळायची आणि उरतं ते ऐकायचं. या परीक्षेवर लोक फार विसंबतात, म्हणून दोन आकडे सांगते. दोन फाइलींत इतर काहीच फरक नसून फक्त ०.१ डेसिबलची तफावत असली, तरी उरलेला आवाज ३९ डेसिबलच खाली जातो. आणि ४८ किलोहर्ट्झला (सेकंदाला ४८ हजार सॅम्पल, म्हणजे आवाजाचे नमुने) अर्ध्या सॅम्पलचा उशीर राहिला, तर १० किलोहर्ट्झला तो जेमतेम ४ डेसिबल उतरतो. इंटरफेसमधून (संगणकात आवाज नेणाऱ्या-आणणाऱ्या डब्यातून) बाहेर जाऊन परत येणाऱ्या सिग्नलचा उशीर पूर्ण सॅम्पलमध्ये बसेलच असं नाही. माझ्या पहिल्या नलमध्ये वरचा सगळा भाग उरला होता आणि ती "अ‍ॅनालॉगची हवा" आहे असं मी त्या रात्री वहीत लिहिलं होतं. ते वाक्य आता खोडलं आहे. उशीर सुधारल्यावर युनिट आणि प्लगइन यांचं नल उणे ३१ पर्यंत गेलं. मग तोच टेक युनिटमधून दोनदा काढून युनिटचं स्वतःशीच नल केलं: उणे ४६. तापमान आणि नॉइज यांमुळे हार्डवेअर स्वतःशीसुद्धा पुरतं जुळत नाही, हे डोळ्यांनी बघायला मला आवडलं.

तबल्यावर मात्र चित्र बदललं. खालच्या मजल्यावरचा मुलगा वाजवायला आला होता. दायाँवरची चाट, अ‍ॅटॅक सगळ्यात वेगवान, रेशो (किती जोराने दाबायचं ते) २०. पातळी जुळवूनही वीसपैकी सोळा! हे नशिबाने येणं कठीण. प्लगइनमधून येणाऱ्या चाटेला वर बारीक काचेसारखी कड होती.

दोन रात्री मी याच्यावर बसले. २० मायक्रोसेकंदांचा अ‍ॅटॅक म्हणजे ४८ किलोहर्ट्झच्या एका सॅम्पलपेक्षाही कमी वेळ. एक सॅम्पल २०.८ मायक्रोसेकंदांचं असतं. इतक्या झपाट्याने गेन बदलला की नवे हार्मोनिक (मूळ स्वराच्या पटीतले स्वर) तयार होतात, आणि २४ किलोहर्ट्झच्या, म्हणजे ४८ च्या निम्म्याच्या, वरचे हार्मोनिक डिजिटलमध्ये नाहीसे न होता दुमडून खाली येतात. चाटेत १० किलोहर्ट्झचा अंश आहे असं धरा. त्याचा तिसरा हार्मोनिक ३० चा, तो दुमडून १८ वर पडतो. तिथे फारसं कुणाला ऐकू येत नाही. पाचवा ५० चा, तो येऊन पडतो २ किलोहर्ट्झवर, म्हणजे कान सगळ्यात तिखट असतो तिथे. त्याचं मूळ स्वराशी काहीही नातं नसतं. युनिटमध्ये सॅम्पलच नाहीत, त्यामुळे दुमडणंही नाही. प्लगइनमध्ये ४ पट ओव्हरसॅम्पलिंगचं (आतून चौपट सॅम्पल घेऊन काम करण्याचं) बटण होतं. सीपीयू वाचवायचा म्हणून मी ते दोन वर्षं बंद ठेवलं होतं. ते चालू केलं आणि पुन्हा ऐकलं: वीसपैकी तेरा.

म्हणजे ज्याला मी हार्डवेअरचा गोडवा म्हणत होते, त्यातला बराच भाग माझ्याच एका बंद बटणाचा होता. हे कळलं तेव्हा थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण आजवरच्या सगळ्या जुन्या मिक्समध्ये जाऊन ते बटण चालू केलं आणि चारपाच गाणी खरंच सुधारली.

मिक्ससाठी म्हणून विचाराल तर माझ्यापुरता निकाल लागला: प्लगइन. मावशी तीन आठवड्यांनी फोन करून म्हणते, "दुसऱ्या अंतऱ्यात माझा आवाज थोडा वर घे ना गं," तेव्हा फाइल उघडायची आणि तो वर घ्यायचा. युनिट वापरलेल्या मिक्समध्ये नॉबचे फोटो शोधा, ते लावा, सहा मिनिटांचं गाणं सहा मिनिटं बसून पुन्हा उतरवा. शिवाय मिक्सवर टाकायचं तर दोन चॅनल हवेत आणि दोघांचे एफईटी जुळलेले हवेत. २एन५४५७ या एफईटीच्या डेटाशीटमध्ये कट-ऑफ व्होल्टेज (ज्याला तो पुरता बंद होतो) उणे ०.५ ते उणे ६ एवढं मोकळं दिलेलं आहे. मी वीस नग मोजले, त्यातून मनासारखी एकच जोडी निघाली. प्लगइनमध्ये उजवं आणि डावं जन्मतःच सारखं. ठाण्याची हवाही आहेच: जुलैत पॉट (नॉबखालचे बदलते रोध) खरखरायला लागले, आणि जानेवारीत लावलेला क्यू-बायस (एफईटीला दिलेला ठरावीक व्होल्टेज) मे महिन्यात सरकलेला मिळाला.

तरी युनिट मी विकणार नाही, आणि त्याचं कारण मिक्समध्ये सापडलेलं नाही.

एप्रिलच्या शेवटी मावशी रेकॉर्डिंगला आली. पंखा बंद, खिडक्या बंद. नेहमी ती हेडफोनमध्ये स्वतःचा कोरडा आवाज ऐकते, कारण प्लगइन लावून ऐकवायचं तर माझ्या इंटरफेसवर जाऊन-येऊन ९ मिलिसेकंद लागतात. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज हाडांतून लगेच ऐकू येतो. ९ मिलिसेकंदांनी दुसरा आला की दोन्ही मिसळून पोकळ लागतो, आणि मावशी लगेच एक कान उघडा करते. त्या दिवशी युनिट प्रीअँप (माइकचा आवाज मोठा करणारा भाग) आणि इंटरफेस यांच्यामध्ये होतं, रेशो ४, अ‍ॅटॅक संथ, काटा ३-४ डेसिबलवर, आणि ऐकणं थेट इंटरफेसच्या डायरेक्ट मॉनिटरवरून, म्हणजे संगणकात न जाता. उशीर जवळजवळ नाहीच.

पहिल्या ओळीनंतर ती थांबली. "काय केलंस? माझा आवाज जवळ आलाय."

पुढचा टेक वेगळाच होता. मंद्रात ती एरवी जोर लावते, कारण तिथे तिला स्वतःला ऐकू येत नाही. या वेळी तिने पंचमाखाली अलगद उतरून आवाज तिथेच ठेवला. वर तार षड्जाला जाताना मागे सरकली नाही, मान वळवली नाही. पट्टी तीच, अभंग तोच, माइक तोच. रेकॉर्डिंगच्या पातळीसाठी कॉम्प्रेसरची काही गरज नव्हती. २४ बिटला सैद्धांतिक १४४ डेसिबलची जागा असते, कितीही हळू गायलं तरी चालतं. गरज तिच्या कानाला होती. आणि एकदा अशी गायली की तो टेक प्लगइनने कितीही झाकला-उघडला तरी तसाच राहतो.

डीएसपी (आवाजावर आतच काम करणारी चिप) असलेल्या महाग इंटरफेसवर हेच काम प्लगइनने होतं, जवळजवळ उशिराशिवाय. ज्यांच्याकडे तो आहे त्यांनी सोल्डरिंग आवडत असेल तरच हे बांधावं. माझ्यासारखा साधा इंटरफेस असेल आणि घरात गाणारं माणूस असेल, तर आत जाताना एक चॅनल हार्डवेअर, आणि त्यानंतर सगळं प्लगइन. दुसरं युनिट बांधायचा बेत मी रद्द केला. त्याचं चॅसिस माळ्यावर आहे. त्यात प्रीअँप बसेल का ते मोजून बघतेय.

येत्या रविवारी मावशी पुन्हा येणार आहे. त्याआधी अर्धा तास युनिट चालू करून तापू द्यायचं, क्यू-बायस १ डेसिबलच्या खुणेला आणायचा. या वेळी डग्गाही त्यातूनच आत घ्यायचा आहे. घुमाऱ्यासाठी रिलीज ३ वर ठेवायचा की ५ वर, ते त्या मुलाला हेडफोन देऊन त्यालाच ठरवायला सांगणार आहे.