जंगलालगतच्या वावरात आग लावण्याआधी : माझा अनुभव

आमचे वावर यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागात राखीव जंगलाला लागून आहे. पूर्वेकडचा धुरा (वावराचा बांध) जेथे संपतो तेथेच वनसीमेचा दगडी बुरूज आहे आणि त्यापलीकडे सागवान सुरू होते. कापसाची शेवटची वेचणी आटोपली की आमच्या शिवारात पुढचे काम ठरलेले असते. पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडे) उपटायची, धुऱ्यावर रचायची, त्यातली चुलीपुरती घरी न्यायची आणि उरलेली उन्हाळ्यात सवड मिळेल तेव्हा धुऱ्यावरच्या गवतासकट पेटवून द्यायची. मागील उन्हाळ्यात शेजारच्या शिवारात अशीच एक आग सरकत गेली, तिच्यात एकाच्या ठिबकच्या नळ्या आणि कुटाराची (गुरांच्या सुक्या चाऱ्याची) गंजी जळाली आणि भांडण पोलीस पाटलांच्या ओसरीपर्यंत गेले. त्यामुळे या वर्षी जे काही जाळायचे ते नियम विचारून आणि कागद करूनच जाळायचे, असे मी ठरवले.

नियम विचारायला निघालो तेव्हा पहिली अडचण अशी आली की गावात प्रत्येकाकडे एक वेगळा नियम होता. मोबाईलवर फिरणाऱ्या एका संदेशाप्रमाणे शेतात काडी पेटवली की सरळ पंधरा हजार रुपये दंड होता. ग्रामपंचायतीत विचारले असता तेथून मला तलाठ्याकडे पाठवण्यात आले. (तलाठ्यांचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे, पण गावाच्या तोंडी तलाठीच आहेत.) त्यांनी सांगितले की आगीने नुकसान झाले तर पंचनामा ते करतील, मात्र आग लावण्याची परवानगी देणे हे त्यांचे काम नाही. पोलीस पाटलांनी मात्र नेमके सांगितले. वावर आपले असले तरी आगीबाबत निष्काळजीपणा करून दुसऱ्याच्या जिवाला धोका निर्माण केला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ खाली गुन्हा होतो, त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि मुद्दाम कोणाचे पीक अथवा गंजी पेटवली तर ते प्रकरण याहून कितीतरी जड जाते.

पंधरा हजारांच्या आकड्याचा उलगडा मंडळ कृषी अधिकाऱ्यांकडे झाला. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५ मध्ये दिल्ली, पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेश आणि राजस्थान यांच्या संदर्भात पिकांचे अवशेष जाळण्याबाबत जो आदेश दिला, त्यात दोन एकरांपेक्षा कमी जमीन असणाऱ्यास २,५००, दोन ते पाच एकरांसाठी ५,००० आणि पाच एकरांवर १५,००० रुपये अशी पर्यावरण भरपाई ठरवली होती. तोच आकडा फिरत फिरत आमच्या गावात येऊन नियम झाला होता. पण आकडा आपल्याकडचा नाही म्हणून जाळायला मोकळीक आहे, असा अर्थ मी काढू नये हेही त्यांनी बजावले, आणि मग बोलणे दंडावरून बोंडअळीवर गेले.

हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. २०१७ च्या हंगामात विदर्भात गुलाबी बोंडअळीने जो हाहाकार केला, त्यानंतर फरदड (हंगाम संपल्यावरही तेच कापसाचे पीक पुढे राखणे) घेऊ नका आणि पऱ्हाटी नष्ट करा असे दरवर्षी सांगितले जाते. शेतकऱ्याच्या कानाला ‘नष्ट करा’ हे ‘जाळा’ असेच ऐकू येते, आणि त्याला पूर्ण दोष देता येत नाही, कारण हेक्टरी दोन ते तीन टन भरणारी पऱ्हाटी माणसाने टाकावी तरी कोठे? अधिकाऱ्यांचे म्हणणे असे होते की अळी सुप्तावस्थेत राहते ती उरलेल्या कवड्या (किडक्या, नीट न उमललेल्या) बोंडांत आणि सरकीत. पऱ्हाटी धुऱ्यावर रचून मे महिन्यात जाळण्याने अळीचा बंदोबस्त होत नाही, तोपर्यंत ढिगातच तिची सोय झालेली असते. त्याऐवजी हंगाम संपताच श्रेडरने पऱ्हाटीचा भुगा करून तो जमिनीत मिसळावा, आणि सरपणासाठी ठेवायची असेल तर आधी बोंडे झोडून वेगळी करावीत. हे ऐकल्यावर माझ्या कामाचे दोन भाग झाले. पऱ्हाटीला आग लागणार नव्हती. उरला फक्त धुरा, ज्यावर कमरेएवढे कुसळी गवत आणि बोरीची झुडपे माजली होती, डुकरे दिवसा दडून बसत होती आणि ज्याच्या टोकाला जंगल होते.

धुऱ्यासाठी वनखात्याकडे जाणे भाग होते. वनपरिक्षेत्र कार्यालयात अशा कामासाठी छापील अर्ज नव्हता आणि पहिल्या भेटीत कोणी बसवूनही घेतले नाही. आमच्या बीटचे (वनरक्षकाकडे सोपवलेल्या वनहद्दीचे) वनरक्षक मात्र सीमेवर स्वतः आले. त्यांनी सांगितलेले कॅलेंडर मी त्याच दिवशी वहीत उतरवले. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरला जातो, त्याआधी खात्याला स्वतःच्या जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून मोकळे ठेवलेले पट्टे) साफ करून जाळून घ्याव्या लागतात आणि हंगामासाठी फायर वॉचर (आगीवर नजर ठेवणारी माणसे) नेमावे लागतात. म्हणजे सीमेलगत जे काही करायचे ते त्या तारखेच्या आत, खात्याचे मजूर जवळपास जाळरेषेवर काम करत असतानाच केलेले बरे.

कायदा त्यांना तोंडपाठ होता. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ प्रमाणे राखीव वनाला आग लावणे हा तर गुन्हा आहेच, पण वनाला धोका पोहोचेल अशा रीतीने आग पेटवणे किंवा पेटती सोडून जाणे हाही गुन्हा आहे, आणि त्याला कैद व दंड यांखेरीज झालेल्या नुकसानीची भरपाईही जोडलेली आहे. त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे जी आमच्या गावात फारशी कोणाला माहीत नव्हती. आग जाणूनबुजून किंवा घोर निष्काळजीपणाने लागली असेल, तर त्या वनातील चराईचे आणि वनोपजाचे हक्क शासन काही काळासाठी स्थगित करू शकते. एकाच्या काडीपायी साऱ्या गावाची गुरे जंगलाबाहेर, असा त्याचा सरळ अर्थ होतो. कलम ७९ प्रमाणे वनात हक्क असणाऱ्या गावकऱ्यांवर आग विझवण्यास मदत करण्याचे आणि आगीची खबर देण्याचे बंधनही आहे.

तोंडी परवानगी मी मागितली तेव्हा ते हसले. “भाऊ, तोंडी सांगतलं तं उद्या कोनी इचारत नाही. कागद द्या आन् पोच घ्या.” त्यांच्या सांगण्यावरून मी साध्या कागदावर अर्ज लिहिला. त्यात माझा गट क्रमांक, लगतच्या वनकक्षाचा क्रमांक, कोणत्या दिवशी व कोणत्या वेळी काम करणार, किती माणसे हजर राहतील, पाण्याची काय व्यवस्था आहे आणि आग पूर्ण विझेपर्यंत मी स्वतः जागेवर राहीन, एवढ्या गोष्टी होत्या. सोबत सातबारा जोडला. एक प्रत वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना, एक ग्रामपंचायतीला, एक पोलीस पाटलांना दिली आणि तिन्हीवर शिक्का अथवा सही घेतली. उत्तर म्हणून ‘परवानगी आहे’ असे पत्र मला मिळाले नाही. मिळाला तो वनपालांचा शेरा, की वनरक्षकाच्या उपस्थितीत काम करावे. माझ्या मते एवढा शेरा पुरेसा होता, कारण काम कोणाच्या डोळ्यांदेखत झाले हे त्याने ठरवून दिले.

जाळण्याची पद्धत वनरक्षकांनी बदलली. मी धुरा उभाच पेटवणार होतो. त्यांनी ते साफ नाकारले. उभी आग पळते, ढिगाची आग बसून राहते, हे त्यांचे वाक्य मला पटले. म्हणून आधी काठ्यांनी धुरा झोडपत चालत गेलो, तेव्हा तितरांची एक जोडी आणि एक ससा बाहेर पडला. मग कुसळी आणि बोरी विळ्याने व कुऱ्हाडीने कापून वावराच्या मध्यभागी ओढून आणली, झोडलेली कीडकी बोंडे त्यात टाकली आणि लहान लहान ढीग केले. ढिगांभोवतीची माती वखराने उघडी केली. फवारणीचे पंप धुऊन साध्या पाण्याने भरून ठेवले होते आणि कडुनिंबाच्या हिरव्या डहाळ्या तोडून हाताशी ठेवल्या होत्या. सकाळी दव सुकले आणि वारा अजून सुटलेला नव्हता, तेव्हा पहिला ढीग पेटवला. एक विझल्याशिवाय दुसरा पेटवायचा नाही, अशी अट होती. कुसळी क्षणात भडकते आणि क्षणात बसते, बोरीची खोडे मात्र दुपार उलटली तरी आत धुमसत होती, आणि राखेवर पाणी मारून, ती फावड्याने परतून, पुन्हा पाणी मारावे लागले. हात राखेजवळ नेऊन ऊब लागत नाही हे पाहिल्यावरच वनरक्षक निघाले.

पऱ्हाटीसाठी श्रेडर भाड्याने आणला. चौघा शेजाऱ्यांनी मिळून सांगितल्यामुळे तो आला. एकट्याच्या वावरासाठी यायला चालक तयार नव्हता. भाड्याची रक्कम काडीपेटीपेक्षा अर्थातच फार जास्त आहे, आणि हे काम लोक करत नाहीत याचे खरे कारण तेथेच आहे. अज्ञान हे कारण मला वाटत नाही.

जागलीच्या शेकोटीबद्दलही मी विचारून घेतले, कारण डुकरांमुळे आमच्याकडे हिवाळाभर रात्री वावरात बसावे लागते. शेकोटीला मनाई नाही, पण ती खड्ड्यात करावी, भोवतालचा पाला ओढून घ्यावा आणि पहाटे घरी निघताना तिच्यावर पाणी व माती टाकावी, असे उत्तर मिळाले. सीमेच्या आत मात्र बिडीची थोटकेही टाकायची नाहीत.

कागदाचा उपयोग मार्चमध्ये झाला. भारतीय वन सर्वेक्षणाच्या देहरादून येथील यंत्रणेकडून उपग्रहाने टिपलेल्या आगीचे संदेश थेट वनरक्षकांच्या मोबाईलवर येतात. या उपग्रहांपैकी एकाच्या संवेदकाचा एक ठिपका सुमारे ३७५ मीटरचा असतो, म्हणून संदेशावरून आग बुरुजाच्या अलीकडे की पलीकडे हे नक्की होत नाही आणि माणसाला जागेवर यावेच लागते. तसा एक संदेश आमच्या बाजूचा आला. वनरक्षक माझ्या वावरात आले, भुगा मिसळलेली जमीन पाहिली, अर्जावरची फेब्रुवारीची तारीख पाहिली आणि पुढे नाल्याकडे गेले. आग तिकडे, मोहाच्या झाडांखाली होती.

त्यानंतरच्या ग्रामसभेत १५ फेब्रुवारीनंतर सीमेलगत कोणी काही पेटवायचे नाही, होळी गावात एकाच ठिकाणी हातपंपाजवळ करायची आणि वनखात्याचा १९२६ हा टोल फ्री क्रमांक पंचायतीच्या भिंतीवर रंगवायचा, असे ठरले. मोहाचा प्रश्न सुटला नाही. फुले वेचता यावीत म्हणून बाया झाडाखालचा पाला जाळतात. पाला झाडून घेतला तर चालते, पण रोज पहाटे इतक्या झाडांखाली झाडणार कोण, असे त्यांनी सभेत रोखठोक विचारले. झाडांखाली अंथरायला जाळ्या मिळाव्यात, असा अर्ज संयुक्त वन व्यवस्थापन समितीने वनपरिक्षेत्र कार्यालयात दिला आहे. पोच घेतलेली प्रत समितीच्या फायलीत आहे, उत्तर अजून आलेले नाही.