ताळा दुसऱ्या समीकरणात

स्मरणिकेत आठवणी सगळेच लिहितील. मी फळ्याचा एक कोपरा मागून घेतो आणि एकसामयिक समीकरणांचं (दोन्ही एकाच क्ष-य जोडीने खरी ठरणाऱ्यांचं) एक उदाहरण सोडवतो.

३क्ष + २य = १२
५क्ष − २य = ४

प्रत्येक समीकरण म्हणजे आलेखावरची एक रेषा. या रेषा कुठे छेदतात? य चे सहगुणक (य ला गुणणाऱ्या संख्या) आकड्याने सारखे, चिन्हाने उलटे. म्हणून बेरीज: ८क्ष = १६, क्ष = २. पहिल्या समीकरणात ठेवलं की ६ + २य = १२, य = ३. छेदनबिंदू (२, ३).

(क्ष-य आपले. भास्कराचार्यांच्या बीजगणितात पहिलं अव्यक्त, म्हणजे अज्ञात संख्या, ‘यावत्तावत्’, पुढची ‘कालक’, ‘नीलक’ अशी रंगांची. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवाने मठ काढल्याचा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळ पाटण्याला आहे.)

आता चूक पाहा. सहगुणक सारखे दिसले की हात सवयीने वजाबाकीकडे जातो आणि −२य चं चिन्ह बदलायचं राहतं. य ‘उडाला’ असं समजून −२क्ष = ८, क्ष = −४; पहिल्यात ठेवून य = १२. उत्तर पूर्णांकात, म्हणून शंकाही येत नाही. पहिल्या समीकरणात ताळा घेतला तर −१२ + २४ = १२, जुळतो! जुळणारच, य त्यातूनच काढला ना. व्यापाऱ्याच्या काट्याचा संशय आला म्हणून कापूस पुन्हा त्याच काट्यावर चढवण्यासारखं आहे हे. दुसऱ्यात ठेवा: −२० − २४ = −४४. हवे होते ४.

क्रेमरच्या पद्धतीत निश्चयक (समीकरणांतल्या आकड्यांच्या तिरप्या गुणाकारांची वजाबाकी) −१६, −३२ आणि −४८ येतात. दुसऱ्या-तिसऱ्याला पहिल्याने भागून तेच २ आणि ३. पण दुसरं समीकरण ५क्ष = २य + ४ असं दिलं आणि २य डावीकडे न आणता सहगुणक +२ धरला, तर निश्चयक −४, १६, −४८ होतात. बिंदू पुन्हा (−४, १२)! चुका दोन, खड्डा एकच.

कच्चा आलेख इथे कामाला येतो. पहिली रेषा (०, ६) आणि (४, ०) मधून, दुसरी (०, −२) आणि (४, ८) मधून. छेदनबिंदू पहिल्या चरणात (क्ष, य दोन्ही धन) पडतो हे पट्टी न लावताही दिसतं. (−४, १२) तर दुसऱ्या चरणातला (क्ष ऋण, य धन). अपूर्णांकी उत्तर मात्र आलेखावर नेमकं वाचता येत नाही.

ज्याने भागायचं तो पहिला निश्चयक शून्य आला की भागाकार थांबवायचा. पहिल्या रेषेसोबत ६क्ष + ४य = २० असेल तर रेषा समांतर. उजवीकडे २४ असेल तर रेषा एकच. तिथे ‘उकल नाही’ लिहिलं की गुण गेला, कारण उकली अगणित आहेत.