मान मागे गेली, पण ठोसा लागला का?

राज्यस्तरीय स्पर्धेतील सुपर हेवी वजनगटाची अंतिम लढत होऊन बरेच दिवस झाले, तरी तिची तिसरी फेरी माझ्या मनातून जात नाही. आम्हा पाच जजचा निकाल ३-२ असा लागला आणि मी ज्याला विजयी ठरवले होते तो बॉक्सर हरला. जजच्या बाबतीत असे अधूनमधून होतेच, आणि त्याचे वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. परंतु या लढतीत मतभेद ज्या कारणाने झाला, त्याचा आमच्या जजमंडळींमध्ये जेवढा विचार व्हायला हवा तेवढा होत नाही असे माझे ठाम मत आहे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

बाहेरच्यांना सहसा माहीत नसते की, सामने हलक्या वजनापासून चढत्या क्रमाने होतात आणि त्यामुळे सर्वांत वजनदार बॉक्सर दिवसाच्या शेवटी रिंगमध्ये उतरतात. तोपर्यंत जजचे डोळे शिणलेले असतात. त्या स्पर्धेत सुपर हेवी म्हणजे ९२ किलोंच्या वर. वरची मर्यादा नाही. त्यामुळे इतर मुले सकाळच्या वजनासाठी उपाशीपोटी रांगेत उभी असताना ही मुले निवांत केळी खात असतात. आपल्याकडे या अंगाचा मुलगा दिसला की त्याला आधी तालमीत पाठवतात, म्हणून या गटात प्रवेशिका थोड्याच येतात आणि एक-दोन लढती जिंकून मुलगा अंतिम फेरीत पोचतो. अनुभव कमी, वजन प्रचंड आणि डोक्याला हेडगार्ड नाही, कारण २०१३ पासून वरिष्ठ पुरुष गटात ते काढून टाकण्यात आले आहे. इतर कोणत्याही गटापेक्षा येथे एका चुकीची किंमत जास्त असते.

त्या दिवशी लाल कोपऱ्यात कुस्तीतून आलेला, जाड मानेचा, बुटका पण अतिशय ताकदवान मुलगा होता. त्याचे दोन्ही ग्लोव्हज गालांना चिकटलेले, हनुवटी छातीत, आणि एकच पण जबरदस्त अस्त्र म्हणजे डावा हुक, म्हणजे कोपरात वाकवलेल्या हाताने बाजूने येणारा ठोसा. निळ्या कोपऱ्यातला मुलगा सहा फूट चार इंचांचा, पूर्वी व्हॉलीबॉल खेळलेला. डावा हात कमरेजवळ लोंबता, उजवा छातीपाशी, हनुवटी उघडी आणि पाय सतत नाचते. ठोसा आला की तो हात वर घेऊन अडवत नसे. कमरेतून मागे झुकत असे आणि ठोसा त्याच्या नाकासमोरून निघून जात असे. पहिल्याच मिनिटाला माझ्यामागच्या प्रेक्षकांतून ‘अरे, हात वर घे!’ अशी ओरड सुरू झाली. बॉक्सिंगची तोंडओळख असलेल्या प्रत्येकाला एवढी एक सूचना येते आणि ती ऐकवल्याशिवाय त्याला राहवत नाही.

पहिली फेरी मी पुष्कळ बारकाईने पाहिली आणि आजही ती मला डोळ्यांपुढे जशीच्या तशी आणता येते. कमरेजवळच्या हातातून निघणारा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, खालून वर येतो. समोरच्याची नजर हनुवटी आणि खांदे यांवर असते, त्यामुळे त्या नजरेच्या पट्ट्यात तो जॅब अगदी शेवटच्या क्षणी शिरतो. तो नेहमीच्या जॅबपेक्षा वेगवान असतो असे नव्हे, तो उशिरा दिसतो. लाल बॉक्सरच्या दोन्ही ग्लोव्हजच्या मधून असे कितीतरी जॅब सरळ नाकावर गेले. दुसरा फायदा हेवीवेटमध्येच खरा कळतो. शंभर किलोंच्या माणसाने पूर्ण ताकदीने मारलेला हुक हवेत गेला, तर त्याला स्वतःचे अंग सावरून पुन्हा उभे राहावे लागते, आणि लागलेल्या ठोशापेक्षा चुकलेला ठोसा त्याला अधिक दमवतो. फेरीच्या अखेरीस लाल बॉक्सरचे तोंड उघडे पडले होते. पाचपैकी चार जजनी ती फेरी निळ्याला १०-९ अशी दिली, म्हणजे जिंकणाऱ्याला १० आणि दुसऱ्याला ९ गुण, हे मला नंतर कळले.

हात खाली ठेवण्याची ही शैली बेशिस्तीतून येते, असे आपल्याकडचे अनेक प्रशिक्षक समजतात. पण मोहम्मद अलीने ती हेवीवेटच्या सर्वोच्च पातळीवर अनेक वर्षे वापरली. ब्रिटिश हेवीवेट टायसन फ्युरीने २८ नोव्हेंबर २०१५ रोजी ड्युसेलडॉर्फ येथे व्लादिमिर क्लिच्को या २००४ पासून अपराजित राहिलेल्या विजेत्यासमोर मध्येच हात पाठीमागे नेले, आणि तिन्ही जजनी त्यालाच विजयी ठरवले. क्लिच्कोचे शास्त्रशुद्ध बॉक्सिंग त्या रात्री ठोसा मारण्याची जागाच शोधत राहिले. पण अली आणि फ्युरी यांच्याच कारकिर्दीत या शैलीची दुसरी बाजूही लिहून ठेवली आहे. १८ जून १९६३ रोजी वेम्बलीत हेन्री कूपरने, आणि ८ मार्च १९७१ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंधराव्या फेरीत जो फ्रेझियरने अलीला पाडले. दोन्ही वेळा ठोसा डावा हुकच होता. सरळ ठोशापासून मागे झुकून सुटता येते, कारण तो ज्या रेषेत येतो तिची लांबी ठरलेली असते. हुक वळणाने येतो आणि मारणारा एक पाऊल आत शिरला असेल, तर मागे गेलेली हनुवटी त्या वळणाच्या टोकाशी आयती सापडते. शिवाय उजवा हात खाली असल्याने त्या बाजूला दारच उघडे असते. फ्युरीलाही २०१३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्टीव्ह कनिंगहॅमने वरून घातलेल्या उजव्या ठोशाने दुसऱ्याच फेरीत खाली बसवले होते. वजनाने आपल्यापेक्षा बऱ्याच हलक्या प्रतिस्पर्ध्याकडून त्याला हे सोसावे लागले, ही गोष्ट विसरू नये.

दुसऱ्या फेरीत आमच्या रिंगमध्ये नेमके तेच झाले. निळा बॉक्सर एकाच जागी दुसऱ्यांदा मागे झुकला. पहिल्या वेळी त्याच्या पाठीमागे मोकळी जागा होती. दुसऱ्या वेळी दोर पाठीला लागले, आणि दोर लागले की मागे झुकणे अर्ध्यातच थांबते. त्या क्षणी त्याचे सगळे वजन मागच्या टाचेवर होते, म्हणजे त्याला उलट ठोसा मारणेही शक्य नव्हते आणि बाजूला सरकणेही. लाल बॉक्सरने डावा पाय आत टाकून हुक घातला. मुलगा एका गुडघ्यावर आला, रेफ्रीने आठपर्यंत मोजले, त्याच्या डोळ्यांत पाहिले, दोन पावले चालायला लावले आणि लढत पुढे सुरू केली. हौशी बॉक्सिंगमध्ये काउंट मिळाला म्हणून आपोआप एक गुण कापला जात नाही. तरीही ती फेरी निर्विवादपणे लालची होती आणि पाचही जणांनी ती त्यालाच दिली.

आता तिसरी फेरी. निळ्या बॉक्सरच्या पायांतला नाच कमी झाला होता, पण त्याने हात वर घेतले नाहीत. लाल बॉक्सर त्याला निळ्या आणि पांढऱ्या कोपऱ्यांमधल्या दोरांकडे रेटत राहिला, त्यामुळे बराचसा वेळ लढत एकाच रेषेत झाली. त्या बाजूला बसलेल्या जजला निळ्याची पाठ दिसत होती. समोरच्या बाजूच्या दोन जजना लालची रुंद पाठ आणि तिच्यावरून मागे जाणारे निळ्याचे डोके दिसत होते. मी आणि आणखी एक जज उरलेल्या दोन बाजूंना होतो. आम्हाला दोघेही कडेने दिसत होते, म्हणजेच ग्लोव्ह आणि हनुवटी यांच्यातले अंतर दिसत होते. एकामागून एक हुक आले, निळ्याचे डोके मागे गेले, प्रेक्षकांनी प्रत्येक वेळी आरोळी ठोकली. आणि माझ्या डोळ्यांसमोर त्यांतले बहुतेक ठोसे चार बोटांच्या अंतराने चुकले.

यात एक बारकावा आहे, जो जज म्हणून घडताना मला कोणी शिकवला नाही. माणूस स्वतःहून मागे झुकतो तेव्हा खांदे आणि डोके एकत्र मागे जातात, कारण हालचाल कमरेतून निघते. ठोसा लागतो तेव्हा डोके आधी हलते, हनुवटी किंचित वळते, आणि खांदे त्यानंतर जातात. आवाजावर तर मुळीच विसंबू नये. १२ औंसांचा ग्लोव्ह दंडावर किंवा समोरच्या ग्लोव्हवर आदळला की टाळीसारखा मोठा आवाज होतो, आणि जबड्यावर नीट बसलेला ठोसा पुष्कळदा भरीव, दबका वाजतो. प्रेक्षक पहिल्या आवाजाला दाद देतात. जजने देऊ नये. नियमात पहिला निकष लक्ष्यभागावर लागलेल्या दर्जेदार ठोशांच्या संख्येचा आहे. वर्चस्व आणि जिद्द त्यानंतर येतात. त्या फेरीत निळ्याचे जॅब, आणि लालचा हुक चुकल्यावर निळ्याने दिलेले दोन उजवे क्रॉस, म्हणजे मागच्या हाताचे सरळ ठोसे, मला स्वच्छ दिसले. मी १०-९ निळ्याला दिले. माझ्यासारख्या कडेने पाहणाऱ्या जजनेही तेच केले. रेषेत बसलेल्या तिघांनी ती फेरी लालला दिली.

संध्याकाळच्या मूल्यमापन बैठकीत गुणपत्रिका समोर आल्या. तिघांपैकी एका ज्येष्ठ सहकाऱ्याने तिन्ही फेऱ्या लालला दिल्या होत्या. मी कारण विचारले, तेव्हा ते म्हणाले, “अहो, जो मुलगा स्वतःचे तोंड झाकत नाही, त्याला बॉक्सर तरी कसे म्हणायचे? तो सारखा मार खात मागे जात होता.” या गृहस्थांचा नियमांचा अभ्यास माझ्यापेक्षा जुना आहे आणि त्यांच्या सचोटीबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण उघडी हनुवटी हा धोका आहे, गुन्हा नाही. हात खाली ठेवल्याबद्दल गुण कापण्याची तरतूद नियमपुस्तकात कोठेही नाही, उलट दोन्ही ग्लोव्हजच्या आड निष्क्रियपणे दडून राहणे हा मात्र नियमभंग आहे. इतर दोघांबद्दल माझी तक्रार नाही. त्यांना जे दिसले त्याप्रमाणे त्यांनी प्रामाणिकपणे गुण दिले, आणि त्या खुर्चीवर मी असतो तर मला काय दिसले असते, हे मी खात्रीने सांगू शकत नाही. शैलीच्या धोक्यांत आपण हुक धरतो, दोर धरतो, थकलेले पाय धरतो. न लागलेला ठोसाही लागल्यासारखा दिसतो, हा धोका कोणी धरत नाही. नऊ मिनिटांच्या हौशी लढतीत तो हुकाइतकाच महाग पडू शकतो, आणि त्या मुलाला तो पडला.

पारितोषिक वितरण झाल्यावर निळ्या बॉक्सरचे प्रशिक्षक भेटले. निकालावर बोलायचे नाही हे त्यांनीच आधी सांगितले. “सर, मला एवढेच विचारायचे आहे की याचे हात वर घ्यायला लावू का? सगळे तेच सांगतात. मी एक मोसम प्रयत्न केला. हात वर घेतले की त्याचे पाय थांबतात आणि जॅब आटतो. मग तो साधा उंच मुलगा उरतो.”

जजने प्रशिक्षकाचे काम करू नये, म्हणून मी फक्त जे दिसले ते सांगितले. तो पहिल्यांदा झुकतो तेव्हा सुरक्षित असतो, त्याच जागी दुसऱ्यांदा झुकतो तेव्हा नसतो. पहिल्या झुकण्यानंतर एक पाऊल बाजूला गेले पाहिजे. डावा हात खाली राहिला तरी चालेल, त्याचा जॅब तेथूनच येतो. उजवा मात्र प्रतिस्पर्धी हुकाच्या अंतरात शिरला की हनुवटीला लागलेला हवा. आणि झुकल्यावर लगेच परतफेडीचा ठोसा गेला, तर कोणत्याही खुर्चीवरच्या जजला कळते की हा मार खाऊन मागे गेलेला नव्हता. प्रशिक्षकांनी हे सगळे वहीत उतरवून घेतले. मग त्यांनी खरी काळजी बोलून दाखवली. “आज एकोणीस वर्षांचा आहे, डोळा आणि पाय साथ देतात. पंचविशीनंतर काय?”

या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे तयार नव्हते आणि आजही पूर्ण नाही. अली १९६७ ते १९७० अशी साडेतीन वर्षे रिंगबाहेर राहिला. परतल्यावर पायांचा पहिला वेग गेला, हात मात्र खालीच राहिले. १९७४ मध्ये किन्शासात त्याने तेव्हाचा जगज्जेता जॉर्ज फोरमन याच्यासमोर दोरांना टेकून मार अंगावर घेत लढत जिंकली, १९७५ मध्ये मनिलात फ्रेझियरशी चौदा फेऱ्या झुंजला, आणि १९८० मध्ये लॅरी होम्ससमोर त्याला दहा फेऱ्यांनंतर थांबवावे लागले. तरुणपणी ठोसे चुकवण्यावर उभी असलेली शैली उतारवयात ठोसे सोसण्यावर येऊन टेकली. फ्युरीने दुसरा मार्ग दाखवला. २०१८ च्या बरोबरीच्या लढतीत डिऑन्टे वाइल्डरने त्याला दोनदा पाडल्यावर, २२ फेब्रुवारी २०२० रोजी तो प्रशिक्षक बदलून आला, मागे झुकण्याऐवजी पुढे चालून गेला आणि सातव्या फेरीत लढत संपली. म्हणजे दुसरी रीत वेळेत शिकलेली असावी लागते. हे मी त्या प्रशिक्षकांना सांगितले. त्यांनी विचारले की, ती शिकवायची कधी, आता की पहिली मोठी हार झाल्यावर? मी आताच असे म्हणालो. ते म्हणाले, आता शिकवली तर पहिली बिघडेल. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते, आणि त्यांची बस सुटायची वेळ झाल्याने बोलणे तेथेच राहिले.

त्या लढतीची चित्रफीत मी मिळवली आहे. तिसऱ्या फेरीच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटातले दोन हुक मी पुन्हा पुन्हा थांबवून पाहिले. पहिल्यात खांदे आणि डोके एकत्र मागे गेले आहेत, तो निश्चित चुकला. दुसऱ्यात हनुवटी किंचित वळल्यासारखी वाटते. कॅमेरा रेषेत असल्याने ग्लोव्ह टेकला की नाही ते कळत नाही. माझ्या खुर्चीवरून तो चुकलेला दिसला होता आणि माझे गुण मी बदलणार नाही. पुढच्या उजळणी वर्गात हीच फेरी सर्व जजना दाखवावी आणि खांदे आधी की डोके आधी यावर स्वतंत्र तास ठेवावा, अशी लेखी विनंती मी केली आहे. उत्तर अजून आलेले नाही.