कॉम्प्रेसरची गळती आणि शेअर बाजार

लेथ आणि मिलिंगवर सुटे भाग करून देणं, हे आमच्या छोट्या फर्मचं काम. आमच्या ग्राहकांपैकी एक कंपनी शेअर बाजारात सूचीबद्ध आहे. तिच्या खरेदी विभागाकडून एकदा ऑर्डरबरोबर प्रश्नावली आली. वर्षभरात वीज किती युनिट लागली? पाणी किती? खराब झालेलं कूलंट, म्हणजे धातू कापताना थंडावा देणारं द्रव, कुठे जातं? कामावर किती जणांना दुखापत झाली?

इतक्या वर्षांत आम्हाला माप, दर आणि तारीख सोडून कुणी काही विचारलं नव्हतं. विजेची बिलं फायलीत नीट लावलेली होती, पण आम्ही फक्त खालची रक्कम बघून पैसे भरत आलो होतो. युनिटचा रकाना त्या दिवशी पहिल्यांदा वाचला.

हे प्रश्न आले कुठून, ते शोधत गेलो तेव्हा वाट थेट शेअर बाजारापर्यंत पोचली. जोहान्सबर्गच्या बाजाराने २००४ मध्येच सामाजिक जबाबदारी पाळणाऱ्या कंपन्यांचा वेगळा निर्देशांक काढला होता. २००९ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी शाश्वत शेअर बाजारांचा उपक्रम सुरू केला आणि २०१२ च्या रिओ परिषदेच्या वेळी पाच बाजारांनी त्याला जाहीर बांधिलकी दिली. पुढे पर्यावरण आणि कामगारांविषयीची माहिती कशी जाहीर करायची, याच्या मार्गदर्शिका अनेक बाजारांनी कंपन्यांसाठी काढल्या; काहींनी हरित रोख्यांसाठी, म्हणजे पर्यावरणाच्या कामांसाठी पैसे उभारणाऱ्या कर्जरोख्यांसाठी, स्वतंत्र विभाग उघडले. हाँगकाँगच्या बाजाराने ही माहिती देणं आधी ऐच्छिक ठेवलं. २०१६ पासून मात्र नियम असा झाला की माहिती द्या, नाहीतर का देत नाही ते लेखी सांगा. मला ही पद्धत फार पटते. दंडाची भीती घातली की माणूस पळवाटा शोधतो, पण "आम्ही मोजलंच नाही" असं गुंतवणूकदारांसमोर लिहून द्यायला कुठल्याही संचालक मंडळाला जड जातं.

कंपनीच्या कार्बन उत्सर्जनाचा हिशेब तिच्या फाटकाशी संपत नाही. तिने विकत घेतलेल्या मालामागचं उत्सर्जनही त्यात धरतात; हिशेबाच्या या भागाला तिसरी कक्षा (स्कोप ३) म्हणतात. म्हणून प्रश्न आमच्या दारात आले.

मोजायला बसलो तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. जेवणाच्या सुट्टीत सगळी मशिनं बंद असताना दाबाची हवा पुरवणारा कॉम्प्रेसर मात्र थोड्या थोड्या वेळाने सुरू होत होता. हवा कुणी वापरत नव्हतं, मग जात कुठे होती? साबणाचं पाणी घेऊन प्रत्येक जोडावर ब्रश फिरवला. जिथे जिथे बुडबुडे आले तिथे खडूने खूण केली. खुणा मोजता मोजता आमचा सगळ्यात जुना ऑपरेटर म्हणाला, "हा आवाज रोज ऐकतोय हो, पण तो असाच असतो असं वाटायचं." जोड आणि होज बदलले, आणि पुढच्या बिलात युनिट उतरले.

शेअर बाजारांकडे माझं एक मागणंही आहे. मार्गदर्शिका सूचीबद्ध कंपन्यांसाठी लिहिल्या जातात, पण निम्मे आकडे आमच्यासारख्यांकडून यायचे असतात. प्रत्येक ग्राहकाचा फॉर्म वेगळा. एकाला युनिट हवेत, दुसऱ्याला टनात कार्बन. छोट्या पुरवठादारांसाठी एकच साधा नमुना ठरवला आणि तो भरायला शिकवलं, तर आकडे खरे येतील. नाहीतर मागच्या वर्षीचे आकडे थोडे बदलून पाठवायचा मोह होतो, आणि तसं करणारे मी पाहिले आहेत.

कूलंटचा रकाना पहिल्या वर्षी आम्ही रिकामाच पाठवला. मग आमच्याकडचे पिंप उचलणाऱ्याला विचारलं की पुढे हे कुठे नेता, आणि परवान्याची प्रत मागितली. तीनदा विचारूनही ती आली नाही. आता दुसरा माणूस येतो, दर थोडा जास्त घेतो, आणि प्रत्येक खेपेची पावती देतो. ती विजेच्या बिलांच्याच फायलीत लावतो.