मोरियामाने विचारलेला प्रश्न

गुरुवार, रात्री उशिरा

‘पुण्यात थोडीफार सुरुवात झाली होती’, एवढे एकच वाक्य माझ्याकडे जपानी शिकलेल्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या मुलाखतीत आमच्या वर्गाविषयी आहे. त्यानंतर शिष्यवृत्ती, ओसाकातले विद्यापीठ, तिथले प्राध्यापक, त्यांची नावे आणि त्यांच्याविषयीची कृतज्ञता हे सगळे सविस्तर आले आहे, आणि ते सगळे खरेच असणार. ती आज मोठ्या बैठकांमध्ये दुभाषी म्हणून बसते, याचा मला मनापासून आनंद आहे. तरीही ते वाक्य सकाळपासून मनातून जात नाही. हिरागाना ही जपानी मुळाक्षरे गिरवण्यापासून एन-थ्री या पातळीच्या जपानी भाषेच्या परीक्षेपर्यंतचा काळ आमच्या पुढच्या खोलीत सतरंजीवर बसून गेला, परीक्षेच्या आदल्या रात्री ती रडत होती तेव्हा आईने तिला दूध दिले होते, आणि आता ते सगळे एका वाक्यात आटोपले आहे. वहिनी म्हणाली की मुलाखती छापताना नावे गळतातच, मनाला लावून घेऊ नये. तिचे म्हणणे योग्य आहे, पण मला त्याचा उपयोग झाला नाही.

अशा वेळी मला रॅनल्ड मॅकडोनाल्ड हा जपानमध्ये इंग्रजी शिकवलेला खलाशी आठवतो. नव्या तुकडीला जपानच्या बंद दारांच्या काळाविषयी सांगताना मी त्याची गोष्ट सांगते, आणि मुले होडी उलटवण्याच्या प्रसंगापर्यंत श्वास रोखून ऐकतात. मला मात्र त्याची गोष्ट होडीनंतर सुरू होते असे वाटत आले आहे.

त्याचा जन्म १८२४ मध्ये अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, कोलंबिया नदीच्या मुखाशी असलेल्या फोर्ट जॉर्ज या ठाण्यात झाला. वडील हडसन्स बे कंपनीचे स्कॉटिश नोकर होते आणि आई तिथल्या मूळ रहिवासी चिनूक लोकांचा सरदार कॉमकॉम्ली याची मुलगी होती. तो तान्हा असतानाच ती गेली. वडिलांनी त्याला कॅनडातल्या सेंट थॉमस गावी एका पेढीवर कारकुनी शिकायला ठेवले, पण हिशेबाच्या वह्यांमध्ये त्याचे मन रमले नाही. तो तिथून निघून गेला, खलाशी झाला आणि १८४५ मध्ये सॅग हार्बर बंदरातून ‘प्लिमथ’ नावाच्या देवमाशांच्या शिकारीच्या जहाजावर चढला. त्याच वर्षी त्याच बंदराचे ‘मॅनहॅटन’ हे जहाज वाटेत सापडलेल्या २२ जपानी दर्यावर्दींना एदोजवळच्या (आजच्या टोकियोजवळच्या) उरागा इथे सोडून आले होते. त्या जहाजाशी बोलण्यासाठी आलेल्या जपानी अधिकाऱ्यांत मोरियामा एइनोसुके नावाचा एक तरुण दुभाषी होता. डच भाषेत तो पारंगत होता, परंतु इंग्रजी त्याला जेमतेम येत होते आणि बराचसा संवाद हातवाऱ्यांनीच झाला.

प्लिमथच्या कप्तानाशी मॅकडोनाल्डचा करार विलक्षण होता. जहाज जपानच्या जवळ आले की आपल्या हिश्श्याच्या पैशांतून एक लहान होडी घेऊन त्याने निघून जायचे. जून १८४८ च्या अखेरीस, होक्काइदोच्या पश्चिमेला, तो खरोखरच उतरला. सोबत्यांनी त्याला परावृत्त करण्याचा प्रयत्न केला होता. परदेशी माणूस स्वतःहून आला तर तो गुन्हेगार ठरेल, मात्र बुडता बुडता किनाऱ्याला लागला तर निदान त्याची दया केली जाईल, असा हिशेब करून रिशिरी बेटाजवळ त्याने आपली होडी मुद्दाम उलटवली. किनाऱ्यावरच्या आइनू या मूळ रहिवासी लोकांनी त्याला बाहेर काढले आणि पुढे मात्सुमाए या तिथल्या जपानी सरदारघराण्याच्या अधिकाऱ्यांच्या हाती दिले.

त्या वेळी जपानचे दार दोनशेहून अधिक वर्षे बंद होते. नागासाकीला डच आणि चिनी व्यापाऱ्यांना तेवढी जागा होती, आणि बाहेर गेलेल्या जपानी माणसालाही परत येण्याची मुभा नव्हती. १८३७ मध्ये ‘मॉरिसन’ हे अमेरिकन जहाज सात जपानी दर्यावर्दींना घरी पोचवायला गेले, तेव्हा किनाऱ्यावरून तोफा डागण्यात आल्या. त्या सातांमधला ओतोकिची हा कोवळ्या वयाचा मुलगा वादळात भरकटत अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर पोचला होता, म्हणजे मॅकडोनाल्ड जन्मला त्याच प्रदेशाच्या काठावर. अनेकजण लिहितात की लहानग्या रॅनल्डने ओतोकिचीला पाहिले आणि तेव्हापासून त्याला जपानची ओढ लागली. मला हे पटत नाही, कारण ओतोकिची १८३४ मध्ये तिथे आला आणि त्याच वर्षी रॅनल्ड शिक्षणासाठी पूर्वेकडे कॅनडातल्या रेड रिव्हरला निघून गेला होता. ज्याला घर होते त्याला किनाऱ्यावरून परतवले आणि ज्याचे तिथे कोणीच नव्हते त्याला आत घेतले, हे मात्र खरे आहे, आणि ओतोकिचीविषयी मी कधीतरी स्वतंत्र लिहीन. आज नाही.

मॅकडोनाल्डला ऑक्टोबर १८४८ मध्ये नागासाकीला नेले. तिथे त्याची चौकशी झाली, ख्रिस्ती धर्माला बंदी असल्यामुळे ख्रिस्ती चित्रावर पाय ठेवायला सांगितले गेले आणि त्याने तो ठेवला. त्यानंतर त्याला एका देवळाच्या आवारातल्या लहानशा घरात जाळीच्या गजांआड ठेवले. ज्या देशासाठी त्याने जीव धोक्यात घातला, त्या देशाचे रस्ते, बाजार, शेते त्याला जवळजवळ दिसलीच नाहीत. पालखीतून नेताना जे काही नजरेला पडले तेवढेच. पण त्या गजांपलीकडे रोज माणसे येऊन बसू लागली. सरकारी दुभाष्यांपैकी चौदाजण त्याच्याकडे इंग्रजी शिकायला येत. एकेकाने वाचायचे, त्याने उच्चार सुधारायचा, अर्थ सांगायचा, आणि त्याच वेळी स्वतः जपानी शब्द टिपून घ्यायचे. हे शिष्य अतिशय चलाख होते आणि त्यांना शिकवण्यात आनंद होता, असे त्याने लिहून ठेवले आहे. मोरियामा त्यांच्यात होता. जपानमध्ये भेटलेल्या सर्व माणसांत तो सर्वांत बुद्धिमान असल्याचे मॅकडोनाल्डचे मत होते, आणि त्याच्या भेदक काळ्या डोळ्यांचे वर्णन तो विसरत नाही.

मॅकडोनाल्डला जपानमधला पहिला इंग्रजी शिक्षक म्हटले जाते, ते मला अर्धेच मान्य आहे. १८०८ मध्ये ‘फेटन’ हे ब्रिटिश जहाज डच झेंडा लावून नागासाकीत घुसले, त्या मानहानीनंतर दुभाष्यांना इंग्रजी शिकण्याचा हुकूम झाला आणि नागासाकीतल्या देजिमा या डचांच्या बेटावरच्या एका डच माणसाने त्यांना शिकवायला सुरुवात केली. १८१४ मध्ये त्यांचा इंग्रजी शब्दकोशही तयार झाला होता. म्हणजे पाटी कोरी नव्हती. पण ज्याच्या तोंडात ती भाषा जन्मापासून आहे असा माणूस रोज समोर बसणे, न थकता तोच उच्चार पुन्हा म्हणून दाखवणे, याची किंमत शिकवणाऱ्यांना कळते. त्या खोलीत काय चालले असेल, हे मी डोळे मिटून पाहू शकते.

एप्रिल १८४९ मध्ये कमांडर ग्लिनचे ‘प्रेबल’ हे अमेरिकेचे लढाऊ जहाज अमेरिकन खलाशांना सोडवायला नागासाकीला आले आणि मॅकडोनाल्डलाही घेऊन गेले. जाण्यापूर्वीचा एक प्रसंग त्याने सांगितला आहे. ग्लिनचा दर्जा किती मोठा, हे जपानी अधिकाऱ्यांना जाणून घ्यायचे होते, तेव्हा त्याने देशातल्या सर्वोच्च अधिकारापासून उतरत्या क्रमाने सांगायला सुरुवात केली आणि सर्वांत वर ‘जनता’ ठेवली. तिच्या खाली राष्ट्राध्यक्ष. समोरच्या लोकांना ते उमगेना. हे वाचताना दुभाष्याच्या जागी बसलेल्या माणसाची मला नेहमी काळजी वाटते. शोगुनच्या, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाच्या, राज्यात हे वाक्य जपानीत म्हणायचे तरी कसे?

यापुढचे त्याचे आयुष्य मी मुलांना सांगत नाही. तो ऑस्ट्रेलियातल्या सोन्याच्या खाणींवर गेला. १८५३ मध्ये कॅनडात परतला तेव्हा वडील नव्हते. पुढे ब्रिटिश कोलंबियात सोने शोधणे, सामान वाहून नेण्याचा धंदा, १८६४ मध्ये व्हँकुव्हर बेटावरची शोधमोहीम, आणि अखेर वॉशिंग्टनमधल्या फोर्ट कोलव्हिलजवळचे गरिबीचे म्हातारपण. जपानमधल्या दिवसांची हकिगत त्याने आपल्या स्नेह्याच्या, माल्कम मॅकलिओडच्या, मदतीने लिहून काढली, पण ती छापायला प्रकाशक मिळाला नाही. ऑगस्ट १८९४ मध्ये तो गेला. शेवटी त्याने ‘सायोनारा’ म्हटले, असे सांगतात. पुस्तक १९२३ मध्ये स्पोकेनला निघाले. तोपर्यंत त्याच्या हाताखालून गेलेला मोरियामा जपानचे दार उघडायला ताफा घेऊन आलेल्या अमेरिकन नौदल अधिकारी पेरीशी झालेल्या वाटाघाटींचा मुख्य दुभाषी म्हणून इतिहासात जाऊन बसला होता, १८६२ मध्ये शोगुनच्या शिष्टमंडळासाठी लंडनपर्यंत जाऊन आला होता, आणि १८७१ मध्ये वारलाही होता.

आज दुपारी मला हे सगळे फार कडू वाटत होते. शिकवणारा डोंगरात विस्मरणात जातो आणि शिकणारा तहाच्या टेबलापाशी बसतो, हे जगाचे ठरलेलेच आहे, असे मी मनाशी घोकत होते, आणि त्या घोकण्यात मला बरेच सुख लागत होते. आपले नाव कोणी घेणार नाही, हे एकदा ठरवून टाकले की त्यात एक प्रकारची ऊबही असते. मी तिथे आणखी बराच वेळ बसले असते.

मग सॅम्युएल वेल्स विल्यम्सची नोंद आठवली. हा विल्यम्स म्हणजे १८३७ मध्ये मॉरिसनवर ओतोकिचीबरोबर असलेला मिशनरी. १८५४ मध्ये पेरीच्या ताफ्यासोबत तो दुभाषी म्हणून होता आणि रोजनिशी लिहीत होता. त्या वर्षाच्या सुरुवातीला, वाटाघाटी सुरू होण्याच्या सुमारास, नागासाकीहून पंचवीस दिवसांचा प्रवास करून आलेला एक नवा दुभाषी जहाजावर चढला. त्याचे इंग्रजी इतके चांगले होते की दुसऱ्या दुभाष्याची गरजच उरली नसल्याचे विल्यम्स लिहितो. तो मोरियामा होता. त्याने प्रेबलच्या कप्तानाची आणि अधिकाऱ्यांची विचारपूस केली आणि मग विचारले की रॅनल्ड मॅकडोनाल्ड बरा आहे ना, तुम्ही त्याला ओळखता का.

त्या दिवशी मोरियामापुढे केवढे काम होते! बंदरात काळी जहाजे उभी, मागे घाबरलेले शोगुनचे सरकार, समोर शस्त्रसज्ज अनोळखी लोक, आणि एक शब्द चुकला तर गर्दन जाईल अशी जबाबदारी. अमेरिका किती मोठी आहे हे त्याच्यासारख्या माणसाला ठाऊक नसेल असे नाही. तरीही पाच वर्षांपूर्वी गजांआडून इंग्रजी शिकवणाऱ्या एका कैद्याचे क्षेम त्याने विचारले. त्यासाठी कोणी प्रश्नावली दिली नव्हती, कोणी मुलाखत घेत नव्हते. विल्यम्स पुढच्याच ओळीत दुसरे सांगू लागतो, की त्याने जहाजाची यंत्रे पाहिली, अधिकाऱ्यांबरोबर जेवायला बसला आणि त्याच्या सुसंस्कृतपणाची सर्वांवर छाप पडली. विल्यम्सची ही रोजनिशी १९१० मध्ये छापली गेली, म्हणजे मॅकडोनाल्डला जाऊन सोळा वर्षे झाल्यावर.

ही नोंद मी पूर्वीही वाचली होती, परंतु आज ती वेगळ्या बाजूने दिसली. मी दिवसभर छापलेल्या पानावर स्वतःचे नाव शोधत होते. मोरियामाने ज्या दिवशी ते नाव उच्चारले, त्या दिवशी ते ज्याचे होते तो तिथे नव्हता आणि ऐकणाऱ्यांना त्याचे काही वाटलेही नसेल. विल्यम्सला ते टिपून ठेवावेसे वाटले नसते तर हा प्रश्न त्या डेकवरच विरून गेला असता, आणि तरीही तो विचारला गेलेला असताच. तिने कुठल्याशा जेवणाच्या सुट्टीत, कुठल्याशा गाडीत, कोणाजवळ माझ्याविषयी काही म्हटले असेल किंवा नसेलही. त्या मुलाखतीवरून मी ते ठरवू शकत नाही. हा विचार मला समाधान देतो असे नाही, पण दुपारच्या त्या घोकण्यापेक्षा तो खरा आहे.

आणखी एक गोष्ट आहे. १८५९ मध्ये फुकुझावा युकिची, जो पुढे केइओ विद्यापीठाचा संस्थापक झाला आणि ज्याचा चेहरा अनेक वर्षे दहा हजार येनच्या नोटेवर होता, तो इंग्रजी शिकण्यासाठी एदोत मोरियामाच्या दारी जाऊ लागला. मोरियामाला परराष्ट्रांच्या कामातून श्वास घ्यायला फुरसत नव्हती. सकाळी या म्हटले तर सकाळी बोलावणे यायचे, संध्याकाळी या म्हटले तर संध्याकाळी. दोन-तीन महिने लांबून पायपीट करून फुकुझावाने अखेर तो नाद सोडला आणि शब्दकोश घेऊन स्वतःच शिकायला बसला. मोरियामाचा यात दोष नव्हता. पण मॅकडोनाल्डजवळ, तो कैदी असल्यामुळे, वेळच वेळ होता, आणि त्या वेळेचे त्याने जे केले ते दुभाष्यांच्या त्या पिढीला पुरले.

रात्री जेवताना वहिनीला हे सगळे सांगितले. तिने विचारले की मग त्या मॅकडोनाल्डला यातून मिळाले तरी काय. मी जरा वेळ बोलले नाही, कारण तिला हवे तसे उत्तर माझ्याजवळ नव्हते. मग सांगितले की त्याच्या हकिगतीत त्या चौदा शिष्यांच्या नावांची यादी आहे. प्रकाशक मिळत नसताना, म्हातारपणी, त्याला ती नावे एकेक करून लिहावीशी वाटली. मला तसे काही मिळाले का, हे तिने विचारले नाही. विचारले असते तर मी हो म्हणाले असते.