कानाचं मशीन

आजोबा जायच्या आधीचा सगळा आठवडा आम्ही त्यांच्या तोंडाशी चमचा धरून बसलो होतो. आई, काका, मी, पाळीपाळीनं. "दोन चमचे तरी घ्या ना, आजोबा." ते ओठ घट्ट मिटून मान भिंतीकडे वळवायचे. एकदा काकानं हनुवटी धरून चमचा आत सारला आणि त्यांना असा ठसका लागला की चेहरा काळानिळा पडला. तो ठसका मला अजून ऐकू येतो.

घरी येणाऱ्या नर्सताईंनी त्या दिवशी आम्हाला बाहेरच्या खोलीत नेऊन सांगितलं, "ते खात नाहीत म्हणून चाललेले नाहीत. ते चाललेत, म्हणून खात नाहीयेत." शरीर आवराआवर करायला लागलं की भूकच उरत नाही. गिळण्याची ताकद गेल्यावर भरवलेलं श्वासनलिकेत उतरण्याची भीती असते. तोंड कोरडं पडतं, त्याला ओला बोळा फिरवला तरी बरं वाटतं. इतकं साधं होतं हे. आधी कुणी सांगितलं असतं तर तो आठवडा आजोबांना छळण्यात गेला नसता. आमच्या मायेनंच त्यांना छळलं, याचं मला फार वाईट वाटतं.

कानाचं मशीन मात्र मीच काढून ठेवलं होतं. आजोबा हाकेला ओ देईनासे झाले होते, उशीला कान टेकला की ते शिट्टी मारायचं, म्हणून डबीत घालून कपाटात ठेवून दिलं. आजी तेव्हा काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती भिंत धरत उठली आणि डबी काढून आणली. सेलच्या पाकिटातून एक नवा सेल घेतला, त्याच्या पाठची नारिंगी पट्टी नखानं सोलली आणि सेल तळहातावर घेऊन बसून राहिली. मी म्हटलं, "अगं, बसव की." तर म्हणाली, "थांब, त्याला हवा लागू दे." ते सेल हवेवरच चालतात. पट्टी काढून मिनिटभर थांबलं तर नीट चालतात. इतकी वर्षं रोज रात्री मशीनचं दार उघडून ठेवायचं आणि सकाळी लावायचं, हे काम तिचंच होतं.

मग तिनं मशीन मुठीत धरलं. बारीक शिट्टी वाजली, म्हणजे चालू. ते आजोबांच्या कानात बसवून ती वाकली. "अहो, मी आहे. पंख्याची खरखर थांबली बघा, दुरुस्त करून घेतला. मागच्या दाराला कडी लावलीय." असंच सगळं, रोजचं. मला म्हणाली, "ह्यांना ऐकू येतंय."

आजोबांच्या पापण्यासुद्धा हलल्या नाहीत. पण आजीचं म्हणणं अगदीच वेडं नव्हतं, हे मला पुढे वाचताना कळलं. २०२० साली कॅनडात, व्हँकूव्हरमधल्या संशोधकांनी हॉस्पिसमधल्या, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या माणसांची काळजी घेणाऱ्या ठिकाणच्या, रुग्णांच्या मेंदूतल्या लहरी मोजल्या होत्या. शेवटच्या काही तासांत, कशालाच प्रतिसाद देत नसलेल्या काही रुग्णांचे मेंदूही आवाजातले बदल टिपत होते. त्यांना अर्थ कळत होता का, हे त्यावरून सांगता येत नाही. आजीला तसा पुरावा नकोच होता.

शेवटच्या रात्री श्वास बदलला. खोल खोल होत जायचा, मग उथळ, मग थांबायचा. मी घड्याळ लावून मोजत होते: वीस सेकंद, पंचवीस, आणि पुन्हा सुरू. या श्वासाला चेन-स्टोक्स म्हणतात. जॉन चेन आणि विल्यम स्टोक्स या डब्लिनच्या दोन डॉक्टरांनी १८१८ आणि १८५४ मध्ये त्याचं वर्णन केलं होतं. नाव माहीत असतं तर प्रत्येक थांब्याला माझा जीव एवढा वरखाली झाला नसता, असं वाटतं. आजीनं काही मोजलं नाही. ती पाय चोळत होती. पाय गार पडत गुडघ्यांपर्यंत आले होते आणि कातडीवर जांभळट जाळी उमटली होती. पहाटे एक थांबा लांबला तो लांबलाच. आजीनं आधी मशीन काढलं, पदराला पुसलं, त्याचं दार उघडलं आणि डबीत ठेवलं.

पाच महिन्यांनी आजीनं अंथरूण धरलं. काही मोठं दुखणं नव्हतं, नुसती विझत गेली. पहिल्यांदा तिनं ओठ मिटले तेव्हा माझ्या हातात चमचा होता. तो मी खाली ठेवला. काका म्हणाला, "अगं, निदान एक..." आणि स्वतःच थांबला. मग आम्ही फक्त बोळा ओला करून तिचे ओठ पुसायचो, कूस बदलायचो आणि बोलायचो. आजीचे कान शेवटपर्यंत तिखट होते, तिला मशीन कधी लागलंच नाही. तरी मी वाकून, अगदी कानाशी बोलत होते. पंखा नीट चालू आहे. काका आताच येऊन बसलाय. मागच्या दाराला कडी लावलीय, आजी.