चाळकेवाडीची थंडी, जुनी ओम्नी आणि आईची वाकळ

रात्री अडीचला टप असा आवाज आला आणि ओम्नीच्या गार काचेवरनं, थंडी अडवायला आतनं लावलेलं पहिलं कव्हर माझ्या तोंडावर पडलं. मग दहा मिनिटांत उरलेली पण. कव्हरं काचेला धरायला ऑनलाइन मागवलेले ते रबरी सक्शन कप, घरी चिकटवून बघितले तेव्हा ओढून निघत नव्हते, आणि चाळकेवाडीच्या थंडीत काचेला दव धरलं की झालं त्यांचं काम.

आई म्हणालेली, डिसेंबरात पठारावर गाडीत झोपू नका, वारं लागंल. पण आम्ही व्हिडिओ बघून शहाणे झालेलो! साताऱ्यातनं बोगदा ओलांडला, सज्जनगडाचा फाटा सोडला, ठोसेघर मागं टाकलं की पुढं पवनचक्क्याच पवनचक्क्या. तिथल्या एका हॉटेलवाल्या मामांनी आवारात गाडी लावू दिली, वर सांगितलं, "तोंड वाऱ्याकडं नका करू, भिंतीकडंला घ्या." ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली, त्यामुळं पहिला अर्धा तास बूड मस्त गरम. नंतर सगळी थंडी काचेतनं आत. पत्र्याला आतनं फोम लावलेला, पण काच म्हणजे एक पातळ थर, तिथनंच सगळी ऊब जाते.

घरी आल्यावर नवी कव्हरं करायला परत सुरुवात. पेपर आतनं काचेवर धरून कडा स्केचपेननं मारली, चारी बाजूनी दोन बोटं जास्त ठेवली म्हणजे कव्हर पत्र्यावर बसतं. प्रत्येक कागदावर 'ड्रायव्हरच्या मागं, वरची बाजू' असं लिहायचं, कारण डावी उजवी काच आरशातल्यासारखी उलट असते. लिहायचं माहीत असून मी एक तुकडा उलटा कापलाच, अख्खी पट्टी वाया.

चांदीवाली बबल शीट आईनं हातात घेतली, दाबून बघितली आणि म्हणाली, "ह्यात हाय काय? ऊब धरती ती मधली हवा, वाकळीत पण तेच की." अगदी बरोबर. नुसती चांदी काचेला चिकटवून थंडीत फार काही होत नाही, मधे हवा अडकली पाहिजे. उन्हाळ्यात मात्र चांदी काचेकडं केली की ऊन बाहेरच्या बाहेर परततं, तिथं तिचा खरा उपयोग.

मग आईनं जुन्या साड्यांचे चार थर घालून धावदोऱ्याची छोटी वाकळ शिवली, बाहेरच्या बाजूला काळं कापड. मी म्हणलं शीट पण त्यातच शिवू, तर सुई गेली की बबल फुटायला लागले, फटाफट. म्हणून उशीच्या खोळीसारखी एक बाजू उघडी ठेवली आणि शीट आत सरकवली, धुवायला पण बरं. कडेच्या दुमडीत १० मिमीचे गोल चुंबक शिवले. ओम्नीत खिडकीभोवती उघडा पत्रा असतो, चुंबक खटकन बसतो. गोंदानं चिकटवू नका, आठवड्यात निघतात.

जानेवारीत परत तीच जागा, तेच मामा. पहाटे पाचला बाहेर ११ अंश, आत १७. हीटर वगैरे काही नाही, फक्त आम्ही दोघं. पण कव्हर उघडलं तर काचेवर पाण्याचे ओघळ, आतली वाफ कडेच्या फटीतनं गार काचेपर्यंत जातेच. दुसऱ्या रात्री वाऱ्याच्या आडोशाची काच बोटभर उघडी ठेवली, ओघळ बरेच कमी झाले. थोडी ऊब गेली, चालतंय.

सकाळी मामा चहा घेऊन आले तर म्हणाले, "रात्री लाईटच दिसंना, मला वाटलं गेलासा का काय." काळ्या कापडाचं काम झालं म्हणायचं.

मागच्या काचेचं कव्हर सध्या गाडीत नाहीये. थंडीत विरजण लागत नव्हतं, आईनं ते दह्याच्या पातेल्याला गुंडाळलंय.